औषधांच्या पिशवीतला टॅग: वारीतल्या एका दिंडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका गावची ही दिंडी. ज्ञानोबा माउलींच्या पालखीमागे आळंदीहून पंढरपूरला जाते. २०२५ च्या आषाढी वारीत १४२ माणसं होती, त्यातली निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची. सोबत पडशा, वळकट्या आणि राहुट्या वाहणारा एक ट्रक, स्वयंपाकाचा एक टेम्पो आणि पाण्याचा टँकर. हिशेबाची वही माझ्याकडे असते, म्हणून त्या वारीत वस्तू शोधायला लावलेल्या छोट्या ट्रॅकर टॅगांचं हे प्रकरण लिहून काढायचं कामही माझ्याकडेच आलं. नावं वगळली आहेत. माणसं त्यांच्या कामावरून किंवा नात्यावरून ओळखावीत.

वारी न केलेल्यांसाठी एवढं सांगायला हवं की दिवसभर माणसं आणि सामान यांची ताटातूट असते. पहाटे राहुट्या उतरवून ट्रक भरला की तो वेगळ्या रस्त्यानं पुढच्या मुक्कामाला जातो, कारण पालखीचा रस्ता गाड्यांना बंद असतो. माणसं चालत संध्याकाळी पोहोचतात. तोवर गावाबाहेरच्या शेतांत तंबूंचं दुसरं गाव उभं राहिलेलं असतं. त्यात आपली राहुटी शोधायची. उंच काठीला झेंडा, दिंडी क्रमांकाची पाटी आणि वळणावर उभा केलेला एखादा पोरगा, एवढ्यावर हे पिढ्यान् पिढ्या चाललं आहे.

वस्तू हरवण्याचंही तसंच. पालखी तळावर पोहोचली की समाजआरती होते. चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतात. त्याच वेळी वाटेत हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. ओळख पटवायची आणि वस्तू न्यायची.

अडचण

आदल्या वर्षी तीन पडशा हरवल्या, दोन मिळाल्या. सासवडला ट्रक शोधण्यात दीड तास गेला आणि पावसात म्हातारी माणसं रस्त्याकडेला बसून राहिली. आणि एक आजी, वय ७४, विसरभोळ्या, फलटणच्या अलीकडे चार तास सापडल्या नव्हत्या. त्यांच्या मुलानं यंदा आधीच बजावलं होतं, काहीतरी सोय करा, नाहीतर आईला पाठवत नाही.

सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे औषधांची पिशवी. वीसेक जणांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, साखर मोजायचं यंत्र, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि दोघांचं इन्सुलिन, हे सगळं एकाच निळ्या पिशवीत. ती एका सेवेकऱ्याच्या खांद्यावर असते. तो थकला की दुसऱ्याच्या.

समोरचे पर्याय

व्यवस्थापक काका, दिंडीचे महाराज, काकांचा पुण्यात नोकरी करणारा भाचा आणि मी असे चौघं बसलो.

पहिला विचार ट्रकला सिमकार्डवालं जीपीएस यंत्र बसवायचा. स्वतःची जागा स्वतः ओळखून मोबाइलच्या जाळ्यावरून कळवणारं हे साधन. पण त्याला रिचार्ज हवा आणि गाडीच्या बॅटरीतून वायर ओढायला हवी. ट्रक भाड्याचा. मालक वायरला हात लावू देईना.

दुसरा, ड्रायव्हरमामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं. ते एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालतं आणि फोनची बॅटरी खातं. मामांचा फोन दुपारपर्यंत मान टाकतो, हा मागच्या तीन वाऱ्यांचा अनुभव.

तिसरा पर्याय भाच्याचा. त्याच्या किल्ल्यांना अ‍ॅपलचा एअरटॅग होता, तो त्यानं टेबलावर ठेवला. नाण्यापेक्षा थोडा मोठा, वजन ११ ग्रॅम. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “ह्याला सिम कुठं घालायचं?”

हाच प्रश्न सगळ्यात कामाचा होता आणि त्याचं उत्तर आम्ही त्या दिवशी नीट कान देऊन ऐकायला हवं होतं. टॅगमध्ये सिम नसतं, जीपीएसही नसतं. तो फक्त ब्लूटूथवरून हलक्या आवाजात ‘मी आहे, मी आहे’ म्हणत राहतो. जवळून जाणारा एखादा अनोळखी फोन ते ऐकतो, स्वतःची जागा कुलूपबंद करून इंटरनेटवर पाठवतो, आणि ते कुलूप फक्त टॅगच्या मालकाच्या खात्यातून उघडतं. म्हणजे नकाशावर दिसतो तो ठिपका टॅगचा नसून, टॅगजवळून गेलेल्या कुणाच्या तरी फोनचा असतो. तो फोन कधी गेला हे ठिपक्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. या बारीक अक्षरानंच पुढे आमचा घात केला.

आता टॅग कोणता घ्यायचा? अ‍ॅपलचा टॅग फक्त अ‍ॅपलच्या उपकरणांना हाक मारतो. अँड्रॉइडवाले टॅग गुगलच्या जाळ्यावर चालतात. हे जाळं २०२४ मध्ये सुरू झालं आणि २०२५ च्या मे महिन्यात त्याला फाइंड हब हे नाव मिळालं. एकाचा टॅग दुसऱ्याच्या जाळ्यात जागा कळवत नाही. भाच्याचं म्हणणं, आयफोनचं जाळं जुनं आणि भरवशाचं. काकांनी एका वाक्यात निकाल लावला: “आपल्या दिंडीत आयफोन किती? तुझा एक.” पुणे ते सासवड टप्प्यात आयटीवाले हजारोंनी चालतात, तिथवर आयफोन ठीक. पुढे नीरा, लोणंद, नातेपुते या वाटेवर ज्यांच्या खिशातले फोन टॅगला ऐकणार, ते बहुतेक सगळे अँड्रॉइडचे.

गुगलच्या जाळ्याला एक अट आहे. फोनमध्ये मूळ सेटिंग असं असतं की तो गर्दीच्या ठिकाणीच मदत करतो, म्हणजे अनेक फोनांनी टॅग ऐकला तरच जागा दाखवली जाते. एकट्यादुकट्या घराजवळून कुणाची नेमकी जागा फुटू नये म्हणून ही काळजी. ओसाड रस्त्यावर यामुळे टॅग मुका पडतो. पण वारीत गर्दीची कसली वाण?

पाच अँड्रॉइड टॅग घ्यायचं ठरलं. एकेक साधारण दीड हजाराचा. सहावा भाच्याचा एअरटॅग, तो त्यानं आपणहून दिला.

कशाला लावायचे, कशाला नाही

ट्रक आणि टेम्पोबद्दल वाद नव्हता. तिसरा टॅग भिशीच्या पेटीला. ही पत्र्याची पेटी, दिंडीची रोकड तिच्यात असते. टॅग आत टाकून झाकण लावलं तर आळंदीच्या धर्मशाळेतच चार पावलांवरून फोनला तो ऐकू येईना. पत्रा ब्लूटूथ अडवतो. बाहेर लटकवला तर चोर आधी तोच काढून फेकणार. शेवटी पेटीला जे फडकं गुंडाळतो त्याच्या शिवणीत तो शिवून टाकला. चौथा टॅग राखीव.

पाचवा आजींसाठी. इथं चर्चा लांबली. मुलाचं म्हणणं, आईला सांगू नका, पडशीत गुपचूप टाका. महाराज म्हणाले, न सांगता माणसाला काही बांधायचं नाही. मलाही ते पटलं, पण माझं कारण व्यवहारातलं होतं: पडशी दिवसभर ट्रकमध्ये असते, तिला टॅग लावून ट्रकच सापडेल, आजी नाही. अंगावरच हवा असेल तर विचारल्याशिवाय कसा लावणार? शिवाय हे टॅग वस्तूंसाठी बनवलेत, माणसांवर लक्ष ठेवायला नाही, हे बनवणारेही सांगतात.

आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला घुंगरू बांधताय होय, गाईला बांधत्यात तसं?” मग थोड्या वेळानं स्वतःच चंची पुढे केली. पान, सुपारी आणि चुन्याची डबी यांच्या शेजारी टॅग जाऊन बसला. चंची त्या झोपेतही सोडत नाहीत.

औषधांच्या पिशवीला एअरटॅग लावला तो भाच्याच्या आग्रहानं. या टॅगला चालणारा आयफोन जवळ असेल तर पडद्यावर बाण आणि अंतर दिसतं, फोनवरून टॅगला वाजवायला लावायची नुसती शिटी नव्हे. महत्त्वाच्या वस्तूला सगळ्यात चांगला टॅग, असा सरळ हिशेब. भाचा सासवडपर्यंतच चालणार होता आणि रविवारी रात्री पुण्याला परतणार होता, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. ते कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही. माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय इथं झाला, आणि तो चुकला.

वाटेवर: ट्रक

सासवडला टॅगनं पैसे वसूल केले. दिवेघाट चढून माणसं रात्री पोहोचली तेव्हा नेहमीचं शेत दुसऱ्या दिंडीनं घेतलं होतं आणि मामांचा फोन बंद होता. काकांच्या फोनवर ट्रकचा ठिपका गावाच्या दुसऱ्या टोकाला दिसत होता, खाली ‘११ मिनिटांपूर्वी’. तिकडे गेलो. ठिपका होता तिथं विहीर होती, ट्रक दोन बांध पलीकडे. शिटी वाजवून पाहिली, पण चारही बाजूंनी मृदंग. त्यात त्या एवढ्याशा यंत्राचं काय ऐकू येणार! झेंडा मात्र दिसला. मागच्या वर्षीचा दीड तास यंदा वीस मिनिटांवर आला.

जेजुरीला याच्या उलट झालं. काकांच्या फोनला इंटरनेटच मिळेना. लाखो माणसं एका गावात उतरली की मोबाइलचा टॉवर गुदमरतो. टॅगला ऐकणाऱ्या फोनलाही इंटरनेट हवं आणि पाहणाऱ्यालाही. ठिपका दोन तास सकाळच्याच जागी होता. त्या दिवशी वळणावरच्या पोरानं आम्हाला नेलं.

आणि त्याच रात्री मामा संतापून आले. त्यांच्या फोनवर सूचना आली होती, एक अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय. कुणी चोरून दुसऱ्याच्या गाडीत किंवा सामानात टॅग टाकला तर त्या माणसाला कळावं म्हणून अ‍ॅपल आणि गुगलनं मिळून केलेली ही सोय, मे २०२४ पासून दोन्हीकडच्या फोनांत आहे. सोय चांगलीच आहे. चूक आमची, टॅग मामांच्या सीटखाली लावला आणि त्यांना सांगितलं नाही. “तीन वर्षं तुमची गाडी हाकतोय, आता मी चोर?” काकांनी हात जोडले, टॅग काढून मागच्या फाळक्याला ताडपत्रीखाली बांधला, तोही मामांकडूनच. आजींना विचारायचं आम्हाला सुचलं, मामांना नाही. का, याचं उत्तर फारसं सुखाचं नाही.

वाटेवर: निळी पिशवी

भाचा सोमवारी पुण्यात कामावर. पिशवी सोमवारी सासवडच्याच मुक्कामात होती. मंगळवारी जेजुरीकडे निघाली आणि दुपारनंतर पिशवीतून बारीक चिवचिव सुरू झाली. एअरटॅग मालकापासून ८ ते २४ तास दूर राहिला आणि मग हलला, की तो स्वतःहून आवाज करतो. सेवेकऱ्याच्या फोनवरही मामांसारखीच सूचना आली. रात्री कीर्तन रंगात आलेलं, मधेच पुन्हा चिवचिव. लोक वळून बघायला लागले.

सेवेकऱ्यानं सूचनेवर बोट ठेवलं. टॅग बंद कसा करायचा, याचं मार्गदर्शन तिथंच होतं: झाकण दाबून फिरवा आणि सेल काढा. त्यानं तेच केलं. हातातल्या घड्याळाच्या सेलपेक्षा मोठी चकती, सीआर२०३२. ती त्यानं बंडीच्या खिशात ठेवली आणि टॅग परत पिशवीच्या कप्प्यात. त्याच्या दृष्टीनं एक बिघडलेलं यंत्र गप्प झालं होतं. कुणाला सांगायचं त्याला कारण वाटलं नाही, आणि खरं तर आम्ही त्याला टॅगबद्दल काही सांगितलंच नव्हतं.

गुरुवारी नीरेवर माउलींच्या पादुकांना स्नान झालं. तिथल्या गर्दीत पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली असं एक जण म्हणतो, विसाव्याला झाडाखाली ठेवली होती असं दुसरा. लोणंदला पोहोचून साडेचारला पाहतो तर पिशवी नाही.

भाच्याला फोन लावला. त्यानं अ‍ॅप उघडलं आणि काकांना म्हणाला, “मामा, पिशवी जेजुरीत आहे.” हे वाक्य जसंच्या तसं आमच्या तोंडातोंडी गेलं. ‘मंगळवार रात्रीपासून कळलेलं नाही’ हे त्यानं वाचलं होतं, पण टॅग तिथंच पडून असेल आणि जवळून आयफोन गेला नसेल असा त्यानं अर्थ लावला. मी वहीत पाहिलं, बुधवारी वाल्ह्याच्या मुक्कामात दोघांनी पिशवीतून गोळ्या घेतल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. ती मी वाचली पाच तासांनी. तोवर दोन जण मोटरसायकलवर जेजुरीला, तीसेक किलोमीटर मागे, वारीच्या उलट्या दिशेनं आडरस्त्यांनी निघून गेले होते.

दोघांचं संध्याकाळचं इन्सुलिन राहिलं होतं. हे काम मात्र वेळेत झालं. गावच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी चिठ्ठीचा फोटो पाठवला, वाटेवरच्या आरोग्य पथकातल्या डॉक्टरांनी दोघांची साखर तपासली आणि लोणंदच्या औषध दुकानातून कुप्या मिळाल्या. पिशवी शोधण्याआधी हे केलं असतं तर एक तास वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. बरोबर आहे. पडद्यावर ठिपका दिसत असला की वस्तू हाताशीच आहे असं वाटतं, आणि दुसरी सोय करायची घाई राहत नाही.

संध्याकाळी तळावर समाजआरतीला आमच्या दिंडीनं टाळ वाजवत ठेवले. चोपदारांनी ऐकून घेतलं आणि पुकारलं. कुणी काही बोललं नाही. आरतीनंतर अर्ध्या तासानं मागच्या एका दिंडीतली दोन माणसं आमचा क्रमांक शोधत आली. पिशवी त्यांच्या पाण्याच्या टँकरवर होती. नीरेच्या विसाव्यावर त्यांच्यातल्या कुणीतरी आपलीच समजून चढवली. पुकारा ऐकला तेव्हा टँकरवाल्याला आठवलं. आत डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर गावाचं नाव होतं, बाहेर मात्र काही लिहिलेलं नव्हतं.

इन्सुलिन दुपारभर टँकरच्या टपावर उन्हात तापलं होतं. डॉक्टरांनी ते फेकायला सांगितलं. जेजुरीला गेलेले दोघं रात्री अकराला परतले.

वाटेवर: आजी

तिसरी घटना फलटणच्या मुक्कामातली. दुपारी तीनला आजी दिसेनात. काकांनी अ‍ॅप उघडलं. आदल्या प्रसंगानं शहाणपण आलेलं, म्हणून आधी वेळ पाहिली: ९ मिनिटांपूर्वी. पाऊण तासात ठिपका तीनदा ताजा झाला आणि प्रत्येक वेळी जवळपास तिथंच. म्हणजे आजी बसलेल्या आहेत. चालत असत्या तर हा ठिपका आमच्या कामाचा नव्हता. आम्ही पोहोचेपर्यंत त्या पुढे गेल्या असत्या.

ठिपक्याच्या जागी एका मोठ्या मंडपात भजन चाललं होतं, समोर दोनशे बायका, सगळ्यांचे पदर डोक्यावर. काकांनी शिटीचं बटण दाबलं. आम्हाला काही ऐकू आलं नाही. पण आजींच्या शेजारच्या बाईला त्यांच्या कमरेतून किणकिण ऐकू आली, ती दचकून उठली आणि तिच्या उठण्यानं आजी दिसल्या.

“मी कुठं हरवले? तुम्हीच मागं राहिलात,” असं म्हणून त्यांनी अभंग संपेपर्यंत उठायला नकार दिला. शोधायला एकूण सव्वा तास लागला. मागच्या वर्षी चार तास.

निष्पत्ती

पाच अँड्रॉइड टॅगांपैकी तीन खऱ्या अर्थानं उपयोगी पडले: ट्रकचा रोज, टेम्पोचा अधूनमधून, आजींचा एकदा. भिशीची पेटी कधी हललीच नाही, त्यामुळे तिच्या टॅगबद्दल मत देता येत नाही. राखीव टॅग शेवटी काकांनी चष्म्याच्या डबीत टाकला आणि तो सगळ्यात जास्त वेळा वाजवला गेला.

एकादशीनंतर, ६ जुलैच्या पुढे, परतीच्या वाटेवर आणखी एक गोष्ट दिसली. ट्रक रात्री बार्शीमार्गे निघाला, आम्ही सकाळच्या एसटीनं. सात तास त्याचा ठिपका पंढरपुरातच. वारीत दर काही मिनिटांनी बोलणारा टॅग रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर गप्प होता, कारण धावत्या ट्रकजवळ ऐकायला कुणी थांबलेलं नव्हतं. फोन म्हणाल तर मामांचाच, तोही बंद. आम्ही घाबरलो नाही, पण टॅगवर वारीत बसलेला भरवसा गर्दीचा होता हे तेव्हा कळलं.

वेगळं काय करता आलं असतं

टॅग कुठला चांगला, यापेक्षा तो कुणाच्या खात्यावर आहे हे आधी विचारायला हवं होतं. वस्तूसोबत शेवटपर्यंत चालणाऱ्या माणसाच्या फोनवर नोंदवलेला साधा टॅग पिशवीला पुरला असता. बाणवाला टॅग आणि पुण्यात बसलेला मालक, ही जोडी निरुपयोगी होती. एअरटॅग आणखी पाच जणांसोबत वाटून घेता येतो, मग चिवचिव आणि सूचनांचा त्रासही टळतो. पण त्या पाचांकडे आयफोन हवा, आणि आमच्याकडे नव्हता.

सांगण्यात आम्ही कंजुषी केली. टॅग चोरांपासून लपवायचा म्हणून आपल्याच माणसांपासून लपवला. आळंदीला प्रस्थानाच्या आदल्या रात्री सगळ्यांना टॅग दाखवून ‘हे वाजलं तर काढू नका, काकांना सांगा’ एवढं सांगितलं असतं तर सेल खिशात गेला नसता आणि मामा दुखावले नसते. यावर एक प्रामाणिक शंका भाच्यानं काढली: १४२ जणांना माहीत झालेला टॅग चोरीत काय कामाचा? खरं आहे. पण आमच्या वस्तू चोरीला कमी आणि चुकून दुसऱ्या गाडीत जास्त जातात. आमचा धोका कोणता ते आम्ही ओळखलं नाही, दुकानातल्या जाहिरातीतला धोका उचलला.

ठिपका पाहताना वेळ आधी वाचायची. ‘कुठे आहे’ असं न म्हणता ‘कधी, कुठे दिसली होती’ असं म्हणायचं, ही शिस्त आता काकांनी स्वतःला लावली आहे. फोनवरून जागा सांगतानाही ते आधी तास-मिनिटं सांगतात. आणि वही उघडायची. दोन माणसांचा जेजुरीचा फेरा माझ्या वहीतल्या एका ओळीनं वाचला असता, हे मला अजून खुपतं.

इन्सुलिन एकाच पिशवीत ठेवणं ही टॅगच्या कितीतरी आधीची चूक. महाराजांचं मत असं की टॅग नसता तर आम्ही ती यंदा सुधारली असती, कारण मागच्या वर्षीच तसं बोलणं झालं होतं. टॅग आला आणि विषय मागे पडला. मला हे पूर्ण पटत नाही, आम्ही तसेही आळशीच. पण खोडूनही काढता येत नाही.

निळ्या पिशव्या आता दोन आहेत, दोन वेगळ्या खांद्यांवर. दोन्हींवर बाहेरून पांढऱ्या रंगानं दिंडी क्रमांक, गाव आणि काकांचा नंबर रंगवला आहे. टॅग एकीतच आहे, काकांच्या फोनवर नोंदवलेला. भाच्याचा एअरटॅग त्याच्या किल्ल्यांना परत गेला, नवा सेल घालून. पहिला नवा सेल चाललाच नाही; लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप देतात आणि काही टॅगांत तो लेप जोड बसू देत नाही. दुसऱ्या दुकानातला बिनलेपाचा चालला. जुना सेल सेवेकऱ्याच्या बंडीच्या खिशातच राहिला आणि बंडीबरोबर दोनदा धुतला गेला.